वावर घरचे, माळवे विकतचे

ज्याच्या नावावर वीस एकर काळी जमीन आहे, ज्याच्या विहिरीस माघापर्यंत पाणी टिकते आणि ज्याच्या उकिरड्यावर दोन गाड्या खत नेहमी पडून असते, अशा गृहस्थाने कोथिंबिरीची जुडी विकत आणावी, ही गोष्ट आज कोणासही विपरीत वाटत नाही. आणि ती विपरीत वाटत नाही, हेच आम्हांस सर्वांत विपरीत वाटते. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात देवगाव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. जालन्याहून मंठ्यावरून जिंतुराकडे जाणाऱ्या रस्त्यास सेलूकडून येणारा रस्ता येथे मिळतो. भोवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी यांचा. अशा कोणत्याही फाट्यावर सायंकाळी घटकाभर उभे राहावे, म्हणजे माळव्याच्या गाड्यांभोवती कोण जमतात ते दिसून येईल. घेणाऱ्यांत नोकरदार असतात, दुकानदार असतात, मजूर असतात. पण पिशवी घेऊन उभा राहिलेला शेतकरीही असतो. माळवे पिकवण्याची जागा, खत, अवजार आणि अक्कल ही चारही ज्याच्यापाशी आहेत, तोच ते विकत घेतो. असे का व्हावे, आणि यावर उपाय काय, याचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आमच्या जिराईत मुलखात घराजवळची स्वतंत्र परसबाग पूर्वीही सर्वत्र होती असे नव्हे. पुष्कळ घरांना तिची गरजच पडत नसे, कारण वावर हीच त्या घरची बाग असे. कापसाच्या ओळींतून भेंडी, गवार, चवळी व अंबाडी यांचा मिश्र पेरा असे. ज्वारीत व कापसात वाळकाचे वेल पसरत. तुरीच्या कडेने तीळ उभा असे. हरभरा वीतभर झाला की त्याचा शेंडा खुडून भाजी होई आणि त्याच खुडण्याने झाडास फुटवेही अधिक येत. करडई कोवळी असताना तिची भाजी होई. याखेरीज निंदणीस गेलेल्या बाया तण म्हणून जे उपटीत, त्यातील निम्मे ओटीत घालून घरी आणीत. घोळ, तांदुळजा, पाथरी, चिवळ, तरोटा ही काही कोणी पेरलेली पिके नव्हेत. पण त्यांनी आमच्या घरांचा पावसाळा कित्येक पिढ्या चालवला. विहिरीवर मोट असे, तेव्हा थारोळ्यापाशी अळू आणि पाटाच्या दोन्ही कडांनी कोथिंबीर, लसूण व कांद्याची पात सहज लावली जाई. त्यासाठी वेगळे पाणी द्यावे लागत नसे. पाटातून झिरपेल तेवढ्यावर ते भागत असे.

ही सर्व व्यवस्था कोणी ठरवून मोडली नाही. ती एकेका सोयीच्या मागोमाग मोडली. मोट जाऊन पंप आला, मातीचा पाट जाऊन नळी आली. पाणी वाचले, पण पाटाच्या कडेचे माळवे गेले. पुढे सोयाबीन आले. ते दाट पेरले जाते आणि त्यात रुंद पानांचे तण मारणारे औषध फवारले जाते. औषधास घोळ व तांदुळजा यांच्यात आणि खऱ्या तणात काही फरक कळत नाही. आणि मिश्र पेऱ्यातील अंबाडीस तर तेथे जागाच नाही. निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक आले, हे आम्ही जाणतो, आणि त्याबद्दल कोणासही दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या दिवशी ते वावरात आले, त्याच दिवशी घरची भाजी वावरातून उठली, ही गोष्ट आपल्या जमाखर्चात कोणीच मांडली नाही. औषधाची किंमत मांडली, वाचलेली मजुरी मांडली. बायांच्या ओटीतून जे घरी येत होते ते कोणत्याच खात्यावर नसल्यामुळे त्याचा तोटाही कोठे लिहिला गेला नाही.

तो तोटा केवढा आहे हे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० साली जी आहारमाने दिली, त्यांप्रमाणे माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी पोटात गेली पाहिजे आणि त्यात ५० ग्रॅम पालेभाजी असावी. पाच माणसांच्या घरास हे रोजचे दीड किलो, म्हणजे वर्षाचे जवळजवळ साडेपाच क्विंटल होते. विकत आणणाऱ्याच्या घरी एवढे माळवे येते काय, हे ज्याने त्याने आपल्याच घरात पाहावे. भाव चढला की प्रथम पालेभाजी सुटते, मग फळभाजी सुटते, आणि ताटात वरण व बटाटा उरतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत पंडुरोग आढळला. या दुखण्यास कारणे अनेक आहेत, आणि एका वाफ्याने ते बरे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या घरात रोज हिरवा पाला शिजतो आणि पानात लिंबाची फोड पडते, त्या घराने आपल्या बाजूचे काम केले असे म्हणता येईल. कारण पाल्यातील लोह अंगी लागण्यास लिंबातील आंबटाची मदत होते, हे आता सिद्ध झाले आहे.

येथे पहिला आक्षेप येतो तो पाण्याचा. वैशाखात ज्या गावी पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे बागेची गोष्ट बोलणे म्हणजे थट्टाच, असे कोणी म्हणेल. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी ऐकून तरी माहीत करून घेतला आहे आणि २०१२-१३ व २०१५-१६ ही वर्षे ज्यांनी स्वतः काढली आहेत, त्यांना पाण्याची किंमत आम्ही सांगावी असे नाही. म्हणून आम्ही नवे पाणी मागतच नाही. जे पाणी रोज न्हाणीतून व मोरीतून वाहत रस्त्यावर जाते, त्याचाच हिशेब मांडतो. पाच माणसांच्या घरी अंघोळीचे व भांड्यांचे मिळून माणशी ४० लिटर सांडपाणी धरले, तर रोजचे २०० लिटर होते. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीपाल्यास रोज सुमारे ३ मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास या २०० लिटरांत ६६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश गुंठा भिजतो. उन्हाळ्यात गरज दुपटीहून अधिक वाढते; रोज ७ मिलिमीटर धरले तरी २८ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडे अधिक क्षेत्र हिरवे राहते. पावसाळ्यात तर पाण्याचा प्रश्नच नाही. आता घरची पालेभाजी रोज पाव किलो, म्हणजे वर्षास ९१ किलो लागते. एका चौरस मीटरातून एका खेपेस एक किलो पाला मिळाला आणि वर्षातून सहा खेपा घेतल्या, तर १५ चौरस मीटर जागा पुरते. काही खेपा साधणार नाहीत असे धरून २० चौरस मीटर धरावे. म्हणजे घरच्या सांडपाण्यावर ऐन वैशाखातही पाल्याची गरज भागू शकते. सर्व माळवे घरचे होईल असे आमचे म्हणणे नाही. कांदा व बटाटा खुशाल विकत घ्यावा. पण पालाही विकत घ्यावा लागतो याला पाणी हे कारण होऊ शकत नाही.

मात्र सांडपाणी देताना दोन गोष्टी सांभाळाव्या. कपड्यांच्या सोड्याचे पाणी काळ्या जमिनीत वरचेवर मुरू दिले तर माती चिवट व चोपण होते. यास्तव ते वाफ्यांत न सोडता वाळू व खडीच्या खड्ड्यातून केळीच्या आळ्याकडे वळवावे. आणि जी भाजी कच्ची खावयाची, उदाहरणार्थ कोथिंबीर, मुळा, पुदिना, तिला सांडपाणी मुळीच न देता स्वच्छ पाणी द्यावे. इतर भाज्यांनाही ते पानांवर न उडवता मुळाशीच सोडावे.

दुसरा आक्षेप जागेचा. तो शेतकऱ्याने घ्यावा असा नव्हे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद एवढी जागा. घराच्या मागे किंवा वावरातील आखाड्यापाशी एवढी जागा मिळत नाही असा खातेदार विरळाच. आम्ही मात्र घराजवळच्या जागेस अधिक पसंती देऊ. एक तर सांडपाणी तेथेच असते. आणि दुसरे, धुऱ्यालगत बाग केली तर वाऱ्याबरोबर तणनाशकाचे तुषार तीवर येतात. याच कारणास्तव वावरात तणनाशक मारलेला पंप परसबागेत कधीही आणू नये. धुतलेल्या पंपात राहिलेल्या अंशानेही भेंडी व टोमॅटो यांची पाने आखडतात, आणि मग दोष बियाण्यास दिला जातो.

आमची काळी जमीन पिकास उदार खरी, पण वाफ्यास अवघड. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते व मुळ्या कुजवते. उन्हाळ्यात ती भेगाळते व मुळ्या तोडते. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत गादीवाफे वीतभर उंच करावे आणि थंडी संपताच तेच मोडून सपाट, किंचित खोलगट वाफे करावे. उन्हाळ्यात वाफ्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा किंवा पाचटाचा थर द्यावा. त्याने पाणी वाचते व भेगा पडत नाहीत. गुंठ्यास अडीचशे किलो शेणखत पुरे, पण ते पूर्ण कुजलेले हवे. अर्धकच्चे खत घातल्यास त्याबरोबर हुमणीही बागेत येते. किडीवर प्रथम हात चालवावा, म्हणजे अळ्या व अंडी वेचून काढावी. तेवढ्याने न भागल्यास निंबोळ्यांचा कुटलेला गर अर्धा किलो रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण दहा लिटर द्रावण करून सायंकाळी फवारावे. ज्या झाडावरून आज फवारून उद्या भाजी तोडावयाची, त्यावर कापसाचे औषध मारणे हे आपल्याच ताटात विष वाढणे होय.

काय लावावे, याची यादी प्रत्येक घराने आपल्या जिभेप्रमाणे करावी. आम्ही दिशा तेवढी दाखवतो. मृगाबरोबर भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले व अंबाडी. कुंपणावर दुधी व वाल. दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, लसूण, वांगी व टोमॅटो. उन्हाळ्यात पालकाचा हट्ट सोडून तांदुळजा, माठ व घोळ यांवर भिस्त ठेवावी; ही उन्हास न डगमगणारी घराणी आहेत. कोपऱ्यांत एक शेवगा, एक हादगा, एक कढीपत्ता व एक कागदी लिंबू कायमचे असावे. शेवग्याच्या विरळ सावलीत उन्हाळ्याची कोथिंबीरही तग धरते. तुळस, पुदिना, गवती चहा, पानांचा ओवा, आले, हळद, अडुळसा व कोरफड यांना मिळून एका बाजेएवढी जागा पुरते. पोरास पडसे झाले असता दोन पाने खुडून काढा करता यावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा ठेवावी. मोठ्या दुखण्यास वैद्य वा डॉक्टर आहेतच.

बियाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे, कारण माळव्याबरोबर घराबाहेर गेलेली दुसरी गोष्ट ती हीच. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले किंवा वाळल्या भोपळ्यात भरून आढ्यास टांगलेले बी पूर्वी घरोघर असे. संकरित जातीचे बी घरी धरून पुढील वर्षी तेच पीक येत नाही. म्हणून परसबागेत शक्य तेथे सरळ जाती असाव्या. मेथी, चवळी, गवार, वाल व टोमॅटो यांचे बी घरी धरणे अगदी सोपे आहे. त्यांची फुले बहुधा आपल्याच परागाने फळतात. दोडका, काकडी व भोपळा यांचे तसे नाही. दोन प्रकारचे दोडके शेजारी असले की मधमाशी त्यांचा मेळ घालते. यास्तव बी धरावयाचे असेल त्या वर्षी एकच प्रकार लावावा. भेंडीत ‘परभणी क्रांती’ ही सरळ जात आमच्याच जिल्ह्याची लेक आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाने शेतकरी बेजार झाला असता परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘पुसा सावनी’ या जातीचा एका रानटी भावंडाशी संकर करून त्यातून ती निवडून काढली, आणि ती देशभर पसरली. जिचे नाव परभणी, ती परभणीच्याच परसात नसावी, हे आम्हांस शोभत नाही.

बी राखण्याचे काम किती मोठे होऊ शकते याचे उदाहरण अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घालून दिले आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी आपल्या परसातून आणि रानातून गावरान भाज्यांचे व धान्यांचे बियाणे जमवले, वाढवले व इतरांस वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यापाशी आपल्याहून अधिक जमीन नव्हती. जे होते ते बी टाकून न देण्याची सवय.

आता सर्वांत प्रबळ आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणतात, “कापसास भाव नाही, सोयाबीनचा खर्च निघत नाही, अशा वेळी मेथीचे वाफे काय करणार?” आमचे उत्तर सरळ आहे. ते भावाचे काहीच करणार नाहीत. परसबाग हा शेतमालाच्या भावावरील उपाय नव्हे, आणि जो कोणी तो तसा सांगेल त्याच्यापासून शेतकऱ्याने सावध राहावे. भावाचा लढा भावाच्या जागी लढला पाहिजे. परंतु भाव ठरवणे आपल्या हाती नाही म्हणून ताट ठरवणेही दुसऱ्याच्या हाती द्यावे, असे कोठे आहे? वीस एकरांत काय पेरावे हे बाजार सांगतो, कधी फवारावे हे दुकानदार सांगतो, केव्हा विकावे हे देणेकरी सांगतो. ज्या एका गुंठ्यात यांपैकी कोणीही बोलू शकत नाही, तो गुंठा शेतकऱ्याने स्वतःसाठी राखावा, एवढेच आम्ही म्हणतो.

म्हणूनच ही बाग धंद्याची नसावी, हौसेची असावी. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ पासून, इंग्लंडात सरकारी हाकेवरून लोकांनी घरामागची हिरवळ व सार्वजनिक उद्याने खणून भाजी लावली. अमेरिकेत १९४३ साली ताज्या भाजीपाल्याचा सुमारे चाळीस टक्के भाग अशा घरगुती बागांतून आल्याचा अंदाज आहे. पण युद्ध संपताच त्यांतील बहुतेक बागा मोडल्या, कारण त्या हाकेवर उभ्या होत्या. हाक थांबली तरी जी टिकते ती हौस. हौस म्हणजे चैन नव्हे. हौशी माणूस रोज सकाळी वाफ्यापाशी जातो, पान उलटून पाहतो, एका ओळीस राख व दुसरीस काहीच न देता फरक ताडतो. वीस एकरांवर असा प्रयोग करण्याची छाती कोणास होत नाही. एका गुंठ्यात नुकसान झाले तर एका वेळच्या भाजीचे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची उपजीविका कशी होईल, याचा विचार त्यांनी मांडला. आणि लहान जागेत स्वतः पाहणे, मोजणे, टिपणे व दुसऱ्यास कळवणे या रीतीने त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तील द्राक्षबागायतदार मोठ्या बागांचे जाणते झाले. परसातील गुंठा हा शेतकऱ्याचा प्रयोगाचा वाफा होय. तेथे परत मिळवलेली नजर पुढे वावरातही उपयोगी पडते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. परसबाग म्हटली की ती घरातील बायांनी करावी, असा एक समज आहे. पहाटेपासून चूल, पाणी, जनावरे, निंदणी व वेचणी यांतून ज्यांची पाठ सरळ होत नाही, त्यांच्यावर आणखी एक काम टाकून पुरुषांनी पंडुरोगावरील व्याख्याने ऐकावी, हा न्याय नव्हे. बी कोणते धरावे आणि कोणती भाजी केव्हा खुडावी यांत घरच्या बायांचा शब्द शेवटचा असावा, कारण ते ज्ञान त्यांच्यापाशी आहे. पण खणणे, खत वाहणे, वाफे बांधणे, सांडपाण्याची चर काढणे व शेळ्या-कोंबड्यांपासून कुंपण करणे ही कामे घरधन्याची व तरण्या मुलांची होत. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांतून मुले परसबागा करतात. जे दहा वर्षांच्या मुलांना शाळेत जमते, ते त्यांच्या बापांना घरी जमू नये काय?

आपल्या संघाच्या सभासदांना आमची सूचना अशी आहे : येत्या मृगापूर्वी प्रत्येकाने एक गुंठा आखून त्यास कुंपण घालावे, त्यात निदान पाच सरळ जातींच्या भाज्या लावाव्या, आणि दिवाळीनंतरच्या बैठकीस प्रत्येकाने आपल्या बागेतील एका भाजीचे मूठभर बी पुडीत बांधून, वर जातीचे नाव व पेरणीची तारीख लिहून आणावे. बैठकीत त्या पुड्यांची अदलाबदल व्हावी. यास ना अनुदान लागते, ना अर्ज. एक कुदळ, एक चर आणि रोजची अर्धी घटका लागते. तेवढे ज्याच्यापाशी नाही असा शेतकरी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.